सुमनताईंनी कापलेले टायर

अ‍ॅलनचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात, कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसले होते. अ‍ॅलन, म्हणजे सुमनताईंचा नवरा, स्वतःहून फोन करणारा माणूस नव्हे. एरवी सुमनताई फोन करायच्या आणि मागून याचा आवाज यायचा, "तिला सांग, इथे पाऊस आहे." त्यामुळे मोबाइलवर त्यांच्या घरचा नंबर बघून मी नेहमीसारखं "बोला ताई" म्हटलं. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "सू गेली, लव्ह," अ‍ॅलन म्हणाला. सुमनताईंना तो सू म्हणायचा, आणि मला तिकडच्या बोलीत लव्ह. "काल छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलात नेली. आज सकाळी गेली." मग म्हणाला, "मेंढ्या खाली आणून झाल्यात." मी "बरं झालं" म्हटलं. त्या क्षणी आम्हा दोघांनाही तेवढंच जमलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सुमनताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. ऑफिसात मी रजा मागितली तेव्हा मॅनेजरनं विचारलं, "आँटी?" मी हो म्हटलं, कारण खरं नातं सांगायला फार वेळ लागला असता. ते इथे सांगते.

पुण्याहून वर्क परमिटवर मी मँचेस्टरला आले ती २००० नंतरची पहिली वर्षं होती. पहिल्याच दिवाळीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले. हॉलच्या पार्किंगमध्ये चकचकीत गाड्यांच्या रांगेत एक चिखलानं माखलेली जीप उभी होती आणि तिच्या मागच्या दारात बसून एक पन्नाशी ओलांडलेली बाई पायातले गमबूट काढून चपला घालत होती. अंगावर काठापदराची साडी, केसांत गवताची काडी. "काडी आहे का गं डोक्यात?" तिनं मला पहिलं वाक्य हे विचारलं. मी काडी काढून दिली. "मेंढ्यांना गवत घालून आले," ती म्हणाली, "वास येत असेल तर माझ्याजवळ बसू नकोस." मी तिच्याजवळच बसले. नंतर जवळपास दर महिन्याला एखादा वीकएंड मी त्यांच्या फार्मवर काढला.

सुमनताई मूळच्या इचलकरंजीच्या. वडिलांचं, म्हणजे आबांचं, टायर रिमोल्ड करण्याचं दुकान होतं. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, साच्यात घालून तापवायचं, ते सगळं घराच्या खालीच चालायचं. जेवणाच्या ताटापर्यंत रबराचा वास यायचा. दुकानात मात्र मुलींना पाऊल ठेवायची बंदी. भावाला हत्यारं मिळाली, हिला पुस्तकं. कोल्हापूरला केमिस्ट्री झाली आणि मग स्कॉलरशिपवर ती मँचेस्टरला रबर टेक्नॉलॉजी शिकायला आली. तो सत्तरच्या दशकाचा सुरुवातीचा काळ. "आबांना वाटलं, पोरगी परत येईल आणि दुकानाचं नाव मोठं करील," त्या सांगायच्या. "मी काय केलं, तर डोंगरात फिरायला गेले आणि मेंढपाळ घेऊन बसले." अ‍ॅलनशी लग्न झाल्यावर आबांनी कित्येक वर्षं बोलणं टाकलं. पुढे फोनवर बोलायला लागले, पण फार्म बघायला मात्र ते कधी आले नाहीत.

फार्म म्हणजे मँचेस्टरच्या पूर्वेला पेनाइनच्या टेकड्यांमध्ये एक दगडी घर, मेंढ्यांची शेड, आणि गावातून वर चढणारी एक अरुंद लेन. ही लेन त्यांच्या घरापाशी संपत नाही. ती तशीच तीव्र चढून, एका वळणावरून, वरच्या शेजाऱ्याच्या, रॉयच्या, फार्मपर्यंत जाते. खासगी लेन असल्यामुळे बर्फ वितळवायला मीठ टाकणारी कौन्सिलची गाडी गावाबाहेर थांबते. हिवाळ्यात वर जायचं तर ट्रॅक्टर. आणि एका हिवाळ्यात, मी त्यांना ओळखायला लागल्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी, वरच्या कुरणात गवत नेताना त्या वळणावर अ‍ॅलनचा ट्रॅक्टर मागे घसरला. ब्रेक लावून काही उपयोग नव्हता. चाकं थांबली होती आणि ट्रॅक्टर चालला होता. शेवटी तो दगडी भिंतीवर जाऊन आदळला. अ‍ॅलनचं कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून त्याच्या हातात काठी आली आणि ट्रॅक्टरचं स्टिअरिंग सुमनताईंच्या हातात.

ट्रॅक्टर घसरला कसा, हा प्रश्न त्यांना सोडेना. एवढे मोठे टायर, त्यांच्यावर हाताच्या मनगटाएवढे जाड तिरके पट्टे, तरी घसरतो? एकदा चहा पिता पिता त्यांनी मला समजावून सांगितलं. चिखलात हे पट्टे आत रुततात, म्हणून ट्रॅक्टर ओढतो. पण दाबून घट्ट झालेल्या बर्फात रुतायला जागाच नसते. पट्टा नुसता वर बसतो, गुळगुळीत चपलेसारखा. तिथे कडा लागतात, भरपूर कडा. "म्हणजे मग त्या पट्ट्यांनाच आडव्या खाचा पाडायच्या. प्रत्येक खाचेला दोन कडा. झालं की." त्यांनी हे असं सांगितलं जणू शंकरपाळे करायचे आहेत.

गावाजवळचं एक लॉरीच्या टायरचं वर्कशॉप बंद होत होतं, तिथून त्यांनी खाचा पाडायचं हत्यार आणलं. धरायला पिस्तुलासारखं, विजेवर चालणारं, टोकाला इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेलं छोटं पातं. पातं तापतं आणि रबरातून लोण्यातून गेल्यासारखं जातं, म्हणजे हात बसला तर. पहिल्यांदा त्यांनी हे हत्यार चालवलं तेव्हा मी शेडमध्ये होते. एक जुना टायर जमिनीवर आडवा टाकला होता. पातं टेकलं, निळसर धूर निघाला आणि तो वास पसरला... सुमनताई थांबल्या. मला वाटलं हाताला भाजलं. मी "काय झालं?" विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं. आमच्या घरचा वास आहे हा." मग पुन्हा पातं चालवायला लागल्या. पात्यामागून रबराची लांब वेटोळी सुटत होती. शेवटी, मान वर न करता म्हणाल्या, "आबांनी एकदा तरी बघायला हवं होतं. दुकानात येऊ देत नव्हते मला."

पहिल्या वर्षीचा प्रयोग चांगलाच फसला. खाचा फार खोल गेल्या, फार जवळजवळ पडल्या, आणि उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर चालवल्यावर पट्ट्यांचे तुकडे निघून आले. टायर बदलायला आलेल्या माणसानं त्याकडे बघून कपाळाला हात लावला. "मिसेस, चांगला टायर मारून टाकलात," तो म्हणाला. "चेन लावा की." चेन होत्या. पण त्या साखळ्या चाकावर चढवायला दोन माणसांची ताकद लागते, आणि त्या घरात एक माणूस काठीवर होता, तर दुसऱ्याचे खांदे दुखत होते. गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. सगळ्यात जास्त बोलला तो वरचा रॉय. रॉय आणि अ‍ॅलन शाळेपासूनचे दोस्त, पण डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्याच्या पाइपवरून वाद झाला होता आणि मी त्यांना ओळखायच्या आधीपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच लेननं जायचं, समोरून आलं तर आकाशाकडे बघायचं. मेंढ्यांच्या बाजारात रॉय म्हणाला म्हणे, "अ‍ॅलनच्या बायकोनं टायरची भाजी चिरलीय." अ‍ॅलनला ते लागलं. घरी येऊन म्हणाला, "सू, सोड आता हे." सुमनताई कणीक मळत होत्या. "सोडते," त्या म्हणाल्या, "तू त्या वळणावर परत एकदा घसरून दाखव, मग सोडते." 

पुढच्या वर्षी त्यांनी खाचा उथळ घेतल्या. पट्ट्याच्या मधोमध तेवढ्या, बुडाशी भरपूर रबर राखून, आणि दोन खाचांत नीट अंतर ठेवून. "करंजीवर कातण फिरवताना कशी मनगटानं नाही, दंडानं फिरवायची, तसंच आहे हे," असं मला शिकवायच्या. मला जमलं नाही. मी टायर फिरवायला, दिवा धरायला, चहा आणायला. त्यांचा हात मात्र बसत गेला. एका रेषेत, एका खोलीच्या खाचा, चाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी एकदा भारावून म्हटलं, "ताई, म्हणजे माणसाचंही असंच असतं नाही? कापल्याशिवाय पकड येत नाही." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "अगं, रबर आहे ते. दिवा नीट धर."

आणि मग तो मोठ्या बर्फाचा जानेवारी आला.

मी शुक्रवारी संध्याकाळी फार्मवर पोचले आणि शनिवारी सकाळी लेन दिसेनाशी झाली होती. भिंतींच्या माथ्यापर्यंत बर्फ. सुमनताईंनी ट्रॅक्टरच्या पुढच्या फाळानं तो बाजूला सारला, पण खाली उरला तो दाबलेला, घट्ट, पांढरा काचेसारखा थर. रविवारी फोन वाजला. रॉयची मुलगी कॅरन बोलत होती. रॉयला कॅन्सर आहे हे गावाला माहीत होतं. हॉस्पिटलात उपाय संपले होते आणि त्यानं घरीच मरायचं म्हणून हट्ट धरला होता. बायको आधीच गेलेली. कॅरन लीड्सहून येऊन त्याच्याजवळ राहिली होती. वेदनेचं औषध एका छोट्या पंपातून सतत चालू होतं आणि तो पंप रोज भरायला गावातून डिस्ट्रिक्ट नर्स यायची. आज तिची गाडी गावाबाहेर निघत नव्हती. अ‍ॅलननं सगळं ऐकलं. ज्या घराशी त्यानं वर्षानुवर्षं शब्द टाकला होता, तिथलीच मुलगी बोलत होती. त्यानं फोन सुमनताईंकडे दिला. सुमनताई म्हणाल्या, "नर्सला सांग, चर्चच्या दारात उभी राहा. मी निघाले." आणि गमबूट घालायला लागल्या.

नर्सचं नाव जॅनेट. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये बाजूच्या छोट्या सीटवर ती बॅग छातीशी धरून बसली होती. मी आणि अ‍ॅलन फाटकापाशी उभे होतो. सुमनताईंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नजर वर वळणाकडे. ट्रॅक्टर सावकाश चढला. वळणापर्यंत ठीक. तिथे मागचं एक चाक जागच्या जागी फिरलं आणि अख्खा ट्रॅक्टर बाजूला सरकला, भिंतीकडे... अ‍ॅलननं माझा दंड इतका जोरात धरला की नंतर वळ उठला. "सोड, सू, सोड," तो पुटपुटत होता. त्यांनी रेस वाढवली नाही. ट्रॅक्टर थांबवला, तसाच थोडा मागे घेतला, सरळ केला, आणि सगळ्यात खालच्या गिअरमध्ये पुन्हा वर काढला. चाकं अगदी हळू फिरत होती. एकेक पट्टा बर्फावर टेकत होता, धरत होता, सुटत होता. वळणावरून ट्रॅक्टर दिसेनासा झाला आणि इंजिनचा आवाज एकसारखा वर जात राहिला. अ‍ॅलननं टोपी काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत घातली. "किटली ठेवतो," एवढंच म्हणाला.

खाचांमुळे जादू झाली असं सुमनताई कधी म्हणाल्या नाहीत. ओल्या, काळ्या, म्हणजे रस्त्यावर काचेसारख्या गोठलेल्या पारदर्शक बर्फावर कुठलाच टायर काही करू शकत नाही, हे त्या सगळ्यांना बजावून सांगायच्या. पण त्या आठवड्यात बर्फ कोरडा राहिला आणि त्या रोज सकाळी जॅनेटला वर नेत राहिल्या. मीही तिथेच अडकले होते, त्यामुळे हे रोज बघत होते. एका दिवशी वरून परत आल्या आणि हातमोजे काढत अ‍ॅलनला म्हणाल्या, "रॉय तुला बोलावतोय." अ‍ॅलन चुलीतल्या जाळाकडे बघत राहिला. मग सुमनताईंनी मला मराठीत सांगितलं, त्याच्या देखतच, पण त्याच्या तोंडावर नाही. रॉयचा पलंग खिडकीशी होता, तिथून लेन दिसायची. त्यानं त्यांना रोज वळणावरून येताना बघितलं होतं. त्या दिवशी म्हणाला, "रबर टिकलं का?" त्या म्हणाल्या, "टिकलं." तो म्हणाला, "मी सगळ्यांना सांगत फिरलो, तू वाट लावलीस म्हणून." त्या म्हणाल्या, "माहितेय मला. बाजारातलं सगळं घरी येतं." मग तो हसला आणि हसताना त्याला दुखलं. मराठी न कळणारा अ‍ॅलन सगळं ऐकत होता, त्यातलं 'रॉय' तेवढं त्याला समजत असणार. दुसऱ्या दिवशी जॅनेटला वर पोचवून सुमनताई परत आल्या आणि केबिनचं दार उघडून उभ्या राहिल्या. अ‍ॅलन काठी टेकत गेला आणि त्या छोट्या सीटवर चढून बसला. ज्या वळणानं त्याचं हाड मोडलं होतं, त्यावरून तो त्यानंतर पहिल्यांदाच जात होता. वर काय बोलणं झालं ते त्यानं कधीच सांगितलं नाही. सुमनताईंनाही नाही. त्या म्हणाल्या, "मी शेडमध्ये उभी होते. दोघांचे आवाज येत होते, मग येईनासे झाले, मग टीव्ही लावल्याचा आवाज आला. पुरुषांचा समेट म्हणजे एवढाच असतो बहुतेक."

रॉय त्याच आठवड्यात गेला. दुपारी, खिडकीशी, मुलीचा हात हातात असताना, वेदना नसताना. जॅनेट म्हणाली होती, की त्याला हेच हवं होतं. पण गेल्यावरही प्रश्न होताच. अंत्यविधीवाल्यांची काळी गाडी गावातच थांबली. त्यांनी सांगितलं, बर्फ वितळेपर्यंत थांबा. कॅरनला ते सहन होईना. सुमनताईंनी ट्रॅक्टरला चपटी ट्रॉली जोडली. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, मागे ट्रॉली असताना तर फारच, कारण ती पुढे ढकलते. त्या सकाळी गावातले लोक फावडी घेऊन वर आले. जो तो आपापल्या चुलीतली राख, कुणी वाळू, कुणी मेंढ्यांच्या शेडमधला पेंढा आणून वळणावर टाकत होता. त्यात तो टायरवालाही होता. कॉफिन ट्रॉलीवर दोरांनी बांधलं, वर रॉयचीच एक घोंगडी. सुमनताई इतक्या हळू उतरल्या की मागून काठीवर चालणारा अ‍ॅलनही मागे पडला नाही.  खाली गावात पोचल्यावर टायरवाला चाकापाशी वाकला, एका खाचेत अंगठा घालून बघितला आणि सुमनताईंना म्हणाला, "जरा उथळच घेतल्यात." त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी तुम्हीच ओरडला होतात ना?"

त्यानंतरच्या वर्षांत गावातल्या आणखी काहीजणांनी आपले टायर त्यांच्याकडे आणले. हिवाळा आला की त्यांच्या शेडमध्ये तो निळा धूर आणि तो वास. मी ब्रॅकनेलला बदलून गेले, लग्न झालं, फेऱ्या कमी झाल्या. फोन मात्र असायचा. "या वर्षी कुणाकुणाचे कापले?" मी विचारायचे. त्या हसून म्हणायच्या, "अर्धं गाव माझ्या खाचांवर चाललंय."

अंत्यसंस्काराला गावातलं छोटं चर्च भरून बाहेरपर्यंत माणसं होती. कॅरन आली होती, जॅनेट आली होती. अ‍ॅलननं मला सांगितलं, मराठीत काहीतरी बोल, तिला तिच्या भाषेत ऐकू दे. मी उभी राहिले. मग म्हटलं, "सुमनताई, मंडळी आली आहेत सगळी. रस्ता मोकळा आहे." एवढंच. खाली बसले तर अ‍ॅलननं विचारलं, काय म्हणालीस? मी सांगितलं. तो मान हलवत राहिला.

निघायच्या आधी तो मला शेडमध्ये घेऊन गेला. उन्हाळ्यात ट्रॅक्टरला मागचे नवे टायर घातले होते. डाव्या चाकावर खाचा पूर्ण होत्या, त्या सवयीच्या एकसारख्या ओळी. उजव्या चाकावर थोड्याच पट्ट्यांवर पडल्या होत्या आणि मग नुसतं कोरं काळं रबर. हत्यार बाकड्यावर, वायर गुंडाळलेली. "डावं झालंय," अ‍ॅलन म्हणाला. "उजवं राहिलंय." मी विचारलं, टायरवाल्याला बोलवायचं का? तो "नाही" म्हणाला.

दोन आठवड्यांपूर्वी मी परत गेले. त्यानं कधीच हे हत्यार हातात धरलं नव्हतं. स्टुलावर बसून, काठी भिंतीला टेकवून, त्यानं पातं रबरावर टेकवलं.  मी त्याला दंडानं फिरवायला सांगितलं, मनगटानं नाही. खाच वाकडी गेली. दुसरी तिच्याहून वाकडी. धूर डोळ्यांत गेला म्हणून मध्ये आम्ही दोघंही डोळे पुसत होतो. "सू ओरडली असती," तो म्हणाला. "ओरडल्याच असत्या," मी म्हटलं. पण त्यानं सोडलं नाही. सबंध दिवस लागला. एकाही पट्ट्याला त्यानं मला हात लावू दिला नाही.

काल त्यानं पुन्हा स्वतःहून फोन केला. या वर्षीचा पहिला बर्फ पडलाय. रॉयचं फार्म आता कॅरन चालवते, तिच्या मेंढ्यांना गवत पोचवायला तो सकाळी स्वतः ट्रॅक्टर घेऊन वर जाऊन आला होता. मी विचारलं, वळणावर काही त्रास? म्हणाला, नाही. मग म्हणाला, परतताना लेनमध्ये चाकांचे दोन माग दिसत होते. एका बाजूच्या रेघा सरळ, दुसऱ्या बाजूच्या वाकड्या. तो केबिनमधून उतरला आणि बर्फ पुन्हा भुरभुरायला लागेपर्यंत तिथेच उभा राहिला.